शहाण्णव हजार तेवढे खरे

कर्वेनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पोळीभाजी केंद्र आहे. ते चालवणाऱ्या काकूंचं वर्षाचं उत्पन्न किती, या साध्या प्रश्नाला सध्या चार उत्तरं आहेत.

तहसील कार्यालयाच्या दाखल्यावर ९६ हजार. इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये २ लाख ९६ हजार. काकूंच्या स्वतःच्या, कणकेची बोटं उमटलेल्या वहीत ६ लाख ९६ हजार. आणि एका एजंटानं ‘बनवून देतो’ म्हटलेल्या फाइलीत ७ लाख २० हजार.

चारपैकी तीन आकड्यांच्या शेपटीला ९६ हजार आहेत. म्हणजे तेवढे तरी खरे असावेत, असं धरून पुढे जाऊ.

काकूंना घर घ्यायचंय. धायरीत, एका बेडरूमचं, ३२ लाखांचं. बावीस वर्षं भाड्याच्या घरात राहून भाड्याच्या गाळ्यात पोळ्या केल्यावर माणसाला अशी हाव सुटते. गाठीशी ८ लाख आहेत, २४ लाख कमी पडतात. मुद्रांक शुल्काची सोय भिशीतून होणार. घर बाईच्या नावावर असलं की महाराष्ट्रात त्या शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे काकूंचे ३२ हजार वाचतात. सरकारला बाई मालकीण झालेली आवडते. फक्त त्याआधी तिला बँकेत जावं लागतं.

‘तुम्ही चला बरोबर,’ काकू मला म्हणाल्या. ‘पेपरात लिहिता ना, म्हणजे फॉर्म तरी वाचता येत असेल.’

माझ्या लेखनाचा इतका व्यावहारिक उपयोग यापूर्वी कुणी सुचवला नव्हता. मी गेलो.

०

बँकेचं नाव सांगत नाही. त्या खुर्चीत कुठल्याही बँकेचं माणूस बसलं असतं तरी हेच बोललं असतं.

खुर्चीतली मुलगी गोड होती. पाणी विचारलं. मग विचारलं, ‘मॅडम, सॅलरिड की सेल्फ एम्प्लॉइड?’

‘पोळ्या करते,’ काकू म्हणाल्या.

मुलीनं पडद्यावरच्या यादीत बरंच खाली जाऊन एक खूण केली. मी वाकून वाचलं. सेल्फ एम्प्लॉइड, नॉन प्रोफेशनल. डॉक्टर, वकील, सीए हे प्रोफेशनल. रोज ३६० पोळ्या, एकही न करपवता, बावीस वर्षं, हे नॉन प्रोफेशनल.

मग कागदांची यादी आली. पगारदारांची यादी वेगळी असते. त्यांना तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, दोन वर्षांचे फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट एवढं पुरतं. कागद कमी आणि तेही आयते, कारण ते बनवायला कंपनीत एचआर नावाचं खातं असतं. काकूंच्या यादीत दोन-तीन वर्षांची रिटर्न, त्यांची कॉम्प्युटेशन, सीएच्या सहीशिक्क्याचं नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद, शॉप ॲक्ट, फूड लायसन्स, वर्षभराचं स्टेटमेंट, आणि धंदा सलग चालू असल्याचा पुरावा.

‘सलग चालू असल्याचा?’ काकू म्हणाल्या. ‘एक दिवस बंद ठेवला की होस्टेलची पोरं घरी फोन करतात.’

‘फोनचं रेकॉर्ड नको मॅडम. डॉक्युमेंट हवं.’

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाला नऊ दिवसांत कर्ज मंजूर झालं होतं. वय सत्तावीस, तीन वर्षांत चौथी कंपनी. मंजुरीनंतर दोन महिन्यांत त्याला कंपनीनं ‘बेंच’वर बसवलं. सध्या तो सकाळ-संध्याकाळ लिंक्डइन आणि काकूंच्या पोळ्या यांच्यावर जगतो. पण सॅलरी स्लिपेवर ‘बेंच’ असा रकाना नसतो, त्यामुळे कागदोपत्री त्याचं उत्पन्न पक्कं आणि काकूंचं डळमळीत.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्ही किती कमावता, हे बँक तुम्हाला विचारतच नाही. तुमच्या कमाईबद्दल तिसरा कोण काय म्हणतो, ते विचारते. पगारदाराच्या बाजूनं त्याचा मालक बोलतो. काकूंच्या बाजूनं बोलायला काकूच. आणि आपल्या कमाईबद्दल आपणच बोललो, तर त्याला गल्लीत बढाई म्हणतात आणि बँकेत ‘अनव्हेरिफाइड’.

०

वर्षभराचं स्टेटमेंट काढलं. गाळ्याच्या भिंतीवर यूपीआयचा चौकोन चिकटवल्यापासून काकूंच्या खात्यात पैसे थेंबाथेंबानं पडतात. १० रुपये, ४० रुपये, ६० रुपये. प्रिंट काढायला पासबुकाइतका नव्हे, पेशवे दप्तराइतका कागद लागला.

मुलगी पानं उलटत म्हणाली, ‘मॅडम, ही एवढी छोटी छोटी क्रेडिट्स कसली?’

‘पोळ्यांची.’

‘सगळी?’

‘नाही, काही भाजीची.’

मोठे आकडे दिसले की बँक विचारते हे कुठून आले, आणि छोटे दिसले की विचारते हे कसले. मधल्या मापाचे, दर महिन्याच्या १ तारखेला, एकाच ठिकाणाहून येणारे पैसे दिसले की ती काहीच विचारत नाही. काकूंकडे पैसे रोज येतात. दोनशे वेगवेगळ्या माणसांकडून येतात. एक गिऱ्हाईक तुटलं तर एकशे नव्याण्णव उरतात. चौथ्या मजल्यावरच्याला गिऱ्हाईक एकच होतं. जोखीम कुणाची जास्त, हे मला तिसरीच्या गणितानं कळतं. पण तिसरीचं गणित बँकेच्या सिस्टीममध्ये नाही.

शेवटी रिटर्न उघडलं. २ लाख ९६ हजार. भागिले बारा, महिन्याला २४,६६७. त्यातला साधारण निम्मा हप्त्याला धरायचा, बाकी निम्म्यात माणसानं जगायचं, असा बँकांचा ढोबळ हिशेब असतो. काकूंचं वय पन्नास, म्हणजे पासष्टीपर्यंत पंधरा वर्षं. साडेआठ टक्क्यांनी महिना १२,३३३ च्या हप्त्यात बसतं साडेबारा लाख.

‘साडेबारा लाखांत धायरीत काय येतं हो?’ काकूंनी मला विचारलं.

‘पार्किंग,’ मी म्हणालो. ‘तेही उघडं.’

०

आम्ही सीएंकडे गेलो. हे काकूंचे जुने सीए. फी दोन हजार आणि दिवाळीला अनारसे.

सीए म्हणाले, ‘काकू, मी तर तुमच्या भल्यासाठी कमी दाखवलं.’ आणि ते खरंच होतं. आपल्याकडे सीएनं ‘काही भरायला लागणार नाही’ म्हटलं की घरात गोडधोड होतं. बावीस वर्षांत काकूंना सीएनं कधी वाईट बातमी दिली नव्हती. त्या सगळ्या चांगल्या बातम्या बँकेत एकदम वाईट झाल्या.

शिवाय कायद्याचाही पाठिंबा होता. आयकर कायद्यातलं एक कलम छोट्या धंदेवाल्याला सांगतं की बाबा रे, सगळ्या वह्या सांभाळत बसू नको. वर्षाच्या विक्रीवर निदान ८ टक्के उत्पन्न दाखव. पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं आले असतील तर त्यांच्यावर ६ टक्के चालेल. सरळ अर्थ असा, की गिऱ्हाइकानं १० रुपयांची नोट दिली तर सरकार धरतं, काकूंना ८० पैसे सुटले. त्याच गिऱ्हाइकानं मोबाइल पुढे केला तर सुटले ६० पैसे. पोळी तीच, तूप तेच. डिजिटल इंडियाला हातभार लावावा तर बँकेच्या पायरीवर आपण आणखी २० पैशांनी गरीब.

काकूंची विक्री दिवसाला सहा हजार, महिन्याचे सव्वीस दिवस, वर्षाला १८ लाख ७२ हजार. त्याचे ८ टक्के दीड लाखसुद्धा होत नाहीत. सीएंनी माणुसकीनं २ लाख ९६ हजार लिहिले होते. ‘जरा बरं दिसावं म्हणून,’ ते म्हणाले.

‘आणि विक्री २० लाखांच्या आतच बरी,’ त्यांनी आवाज खाली आणला. ‘वर गेली की जीएसटी.’ २०२५ च्या जुलैत कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयचे आकडे बघून बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या, तेव्हा कित्येकांनी भिंतीवरचे चौकोन काढून ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. म्हणजे यूपीआय घेतलं तर एक खातं म्हणतं तुम्ही फार कमावता. तेच स्टेटमेंट घेऊन बँकेत गेलं तर बँक म्हणते तुम्ही काहीच कमावत नाही. दोघांनी एकदा एकत्र बसून चहा घ्यायला हरकत नाही. पोळीभाजी काकू देतील.

आता खरी गंमत. मी सहज विचारलं, ‘काकूंनी खरे ६ लाख ९६ हजार दाखवले असते तर कर किती बसला असता?’

सीएंनी कॅल्क्युलेटर ओढला. मग परत ठेवला. मग चष्मा काढला.

२०२३-२४ पासून नव्या कररचनेत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होता. २०२५-२६ पासून ती रेषा १२ लाखांवर गेली. बँकेनं मागितलेली दोन रिटर्न २०२३-२४ आणि २०२४-२५ ची. दोन्ही वर्षांत काकूंचं खरं उत्पन्न ७ लाखांच्या आत. कर? शून्य. म्हणजे दरवर्षी ४ लाख रुपये लपवून काकूंनी सरकारचा जो कर वाचवला, तो शून्य रुपये होता.

‘मग लपवले कशाला?’ काकू म्हणाल्या.

सीए बराच वेळ पंख्याकडे बघत होते. ‘सवय हो,’ ते म्हणाले.

०

तहसीलच्या दाखल्याचीही तीच कथा.

काकूंची मुलगी इंजिनीअरिंगला. फीमध्ये सवलत मिळावी म्हणून राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला अर्ज करायचा होता, त्याला उत्पन्नाचा दाखला हवा. सेतू केंद्रातल्या मुलानं विचारलं, ‘काय टाकू?’ ‘काय मिळवता’ असं त्यानं विचारलं नाही. ‘काय टाकू’ असं विचारलं, जसं वडापाववाला विचारतो लसूण चटणी टाकू का. काकू म्हणाल्या, ‘टाका कमीच.’ त्यानं ९६ हजार टाकले. महिना ८ हजार. तेवढ्यात काकूंच्या गाळ्याचं निम्मं भाडं भागतं.

त्या योजनेची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे. काकूंनी खरं सांगितलं असतं तरी मुलीला फीमध्ये सवलत मिळाली असती. पण उत्पन्नाच्या दाखल्यावर खरं उत्पन्न लिहिलं तरी चालतं, ही बातमी अजून सेतू केंद्रापर्यंत पोचलेली नाही.

आपल्याकडे माणूस आयुष्यभर दोनच परीक्षा देतो. एकीत गरीब ठरलं की पास, दुसरीत श्रीमंत ठरलं की पास. पेपर एकच आणि दिवसही पुष्कळदा एकच. म्हाडाच्या सोडतीत तर दोन्ही परीक्षा एकामागोमाग. मुंबई महानगरात अत्यल्प उत्पन्न गटात बसायला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ६ लाखांच्या आत लागतं. उत्पन्न कमी म्हणून घर लागतं. पेढे वाटून माणूस बँकेत जातो. तिथं उत्पन्न कमी म्हणून कर्ज मिळत नाही. पेढे परत मागता येत नाहीत.

लग्नाच्या बायोडेटातला उत्पन्नाचा रकाना मी मुद्दामच घेतलेला नाही. तो ललित वाङ्मयाचा प्रांत आहे.

०

सिबिल राहिलं.

काकूंनी आयुष्यात कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत, कारण कुणाचे घेतलेच नाहीत. फ्रिज रोखीनं, मिक्सर रोखीनं, मुलीचा लॅपटॉप भिशी लागली तेव्हा. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. काकूंचा आला उणे १.

‘नापास?’ काकूंचा चेहरा उतरला.

‘नाही मॅडम, उणे एक म्हणजे हिस्टरी नाही,’ मुलीनं समजूत घातली.

‘बावीस वर्षं कुणाची उधारी ठेवली नाही, ही हिस्टरी नाही?’

नाही. शाळेच्या भाषेत बोलायचं तर ज्यानं मारामारी केली आणि नंतर माफी मागितली त्याचं प्रगतिपुस्तक आहे. ज्यानं मारामारीच केली नाही त्याचं नावच हजेरीपटावर नाही. यावरचा उपायही मुलीनं सांगितला. क्रेडिट कार्ड घ्या, थोडं थोडं वापरा, वेळेवर भरा. कर्ज मिळावं म्हणून आधी कर्ज घ्या. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ जुना इतिहास नाही म्हणून परत पाठवू नका, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगून ठेवलंय. ते मी ऐटीत बोलून दाखवलं.

‘केवळ त्यासाठी आम्ही नाही म्हणतच नाही, सर,’ मुलगी म्हणाली. ‘बाकीची कारणं असतात ना.’

०

बँकेच्या पार्किंगमध्ये एजंट भेटला. हे लोक पार्किंगमध्येच भेटतात. आतून उतरलेले चेहरे बाहेर येताना त्यांना बरोबर कळतात.

‘काय झालं काकू, इन्कम बसेना? फाइल माझ्याकडे द्या. आपण तुम्हाला सॅलरिड करू.’

‘म्हणजे?’

‘भावाची कंपनी आहे. तिथं कॅटरिंग मॅनेजर दाखवू. स्लिपा, फॉर्म १६, सहा महिने खात्यात पगार फिरवू. तुम्ही पैसे द्यायचे, आम्ही पगार म्हणून परत टाकायचे. दोन टक्के माझे.’

याला कायद्याच्या पुस्तकात फसवणूक आणि बनावट दस्तऐवज म्हणतात, आणि पकडलं गेलं तर पोलीस पार्किंगवाल्याला नाही, सही करणाऱ्याला शोधत येतात. हे मी काकूंना सांगणार, एवढ्यात त्यांनी विचारलं, ‘पगार किती दाखवणार?’

‘साठ हजार,’ एजंट छाती फुगवून म्हणाला.

काकूंनी मनात हिशेब केला. वहीतलं खरं उत्पन्न महिना ५८ हजार.

‘दोन हजारांसाठी खोटं बोलू?’ त्या म्हणाल्या आणि रिक्षा बघायला लागल्या.

त्या एजंटाचं तोंड मी विसरणार नाही. त्याच्या धंद्यात खोट्याला इतकं स्वस्त कुणी कधी मोजलं नसेल. आणि बँकेच्या दृष्टीनं बघा. साठ हजारांचा धादांत खोटा आकडा आत गेला असता, कारण त्याच्या अंगावर शिक्का होता. अठ्ठावन्न हजारांचा खरा आकडा बाहेर उभा होता, कारण त्याच्या अंगावर कणीक होती.

०

आता बँकेची बाजू. तिरकस लिहायचं म्हणजे एकाच बाजूला तिरकं लिहायचं असं नाही.

विचारायचंच नाही म्हटलं तर काय होतं, तो प्रयोग अमेरिकेनं करून बघितलाय. २००८ च्या आधी तिथं अशी गृहकर्जं मिळायची की उत्पन्नाच्या रकान्यात तुम्ही जो आकडा लिहाल तो खरा. धंद्यातलेच लोक त्यांना ‘लायर लोन’ म्हणायचे. आणखी एक प्रकार होता, ‘निंजा’. उत्पन्न नाही, नोकरी नाही, मालमत्ता नाही, तरी कर्ज घ्या. २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली, त्यामागे हे असे कागद ढिगानं होते. ब्रिटननंही ‘माझं उत्पन्न मीच सांगतो’ छापाची कर्जं २०१४ मध्ये बंद केली. तेव्हा बँकेनं विचारलं तर राग मानू नये. ती जे पैसे देते ते कुणाच्या तरी आजीच्या एफडीतले असतात.

रागाचा मुद्दा वेगळा आहे. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. तेव्हा उघड झालं की बँकेच्या एकूण कर्जाचा ७० टक्क्यांहून मोठा हिस्सा एकाच बिल्डर गटाकडे होता. २४ लाखांसाठी काकूंना प्रत्येक दहा रुपयांचा उगम विचारला जातो. हजारो कोटींना बहुधा ‘बसा, चहा घेणार?’ असं विचारत असावेत. चाळणी आहे हे उत्तमच. फक्त आपली चाळणी अशी विणली आहे की रवा अडकतो आणि खडे जातात.

०

शेवटी एका हाउसिंग फायनान्स कंपनीनं सांगितलं, कागद नसले तरी बघू, आमचा माणूस येऊन बघेल. याला त्या धंद्यात ‘पीडी’ म्हणतात, पर्सनल डिस्कशन.

पीडी सकाळी सात वाजता मोटरसायकलवरून आला. पंचविशीचा, पाठीला सॅक, जेवला नसल्यासारखा. कोपऱ्यात स्टुलावर बसला आणि मोजायला लागला. कणीक किती किलो, तेरा. किलोला पोळ्या किती, सत्तावीस-अठ्ठावीस. भाजीची पाकिटं किती, साठ. सिलिंडर किती दिवस जातो. मदतीच्या दोघींना काय देता. त्यानं विजेचं बिल बघितलं, किराणावाल्याला जाऊन विचारलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं की सुट्टीचा वार सोडून ही बाई दुकान कधी बंद ठेवते का. झेरॉक्सवाला म्हणाला, ‘नवरा गेला तेव्हा तीन दिवस.’

दीड तासानं त्यानं मोबाइलवर आकडा काढला. महिना ५७ हजार.

काकूंनी वही उघडली. ‘बाळा, गॅस तू हजारानं जास्त धरलास.’

बावीस वर्षांत काकूंचं उत्पन्न पहिल्यांदा कुणीतरी बरोबर सांगितलं. तहसीलदाराच्या सहीला जमलं नाही, सीएच्या शिक्क्याला जमलं नाही, बँकेच्या कॉम्प्युटरला जमलं नाही. स्टुलावर बसून पोळ्या मोजणाऱ्याला जमलं.

कर्ज मिळेल, २४ लाख मिळतील. पण व्याज पावणेबारा टक्के. बँकेकडे हप्ता पडला असता २३,६३४, इथं पडणार २८,४१९. महिन्याला ४,७८५ जास्त. पंधरा वर्षांचे होतात ८ लाख ६१ हजार. हा पैसा घराचा नाही की जागेचा नाही. वेळच्या वेळी खरं न लिहिल्याचा आहे.

‘८ लाख ६१ हजार म्हणजे किती पोळ्या?’ काकूंनी विचारलं.

पीडीनं हिशेब केला. ‘शहाऐंशी हजार. तुमच्या हातानं नऊ महिने.’

‘नऊ महिने,’ काकू म्हणाल्या. ‘बरोबरच आहे. काहीतरी जन्माला यायचं म्हणजे तेवढे लागतातच.’

सीएंनी मग एक रस्ता काढला, आणि तो बरा आहे म्हणून सांगतो. आत्ता हे कर्ज घ्यायचं, पण व्याजदर बदलता, म्हणजे फ्लोटिंगच. यंदापासून रिटर्नमध्ये पूर्ण ६ लाख ९६ हजार दाखवायचे, कर तरीही शून्यच. दोन वर्षं हप्ते वेळेवर भरायचे, म्हणजे सिबिलही उणे एकातून वर येईल. मग उरलेलं कर्ज उचलून स्वस्त दराच्या बँकेत न्यायचं. फ्लोटिंग दराचं गृहकर्ज वैयक्तिक कर्जदारानं मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. एका वर्षात उत्पन्न एकदम फुगलं तर बँका मागच्या वर्षाशी सरासरी काढतात, म्हणून दोन वर्षं.

‘म्हणजे खरं बोलायला लागल्यावर ते खरं वाटायला दोन वर्षं लागतात,’ काकू म्हणाल्या.

०

पीडी निघताना काकूंनी त्याला थांबवलं. ‘तुला रे पगार किती?’

‘अठरा हजार. आणि इन्सेंटिव्ह, झालं तर.’

‘तुला मिळेल का घराला कर्ज?’

‘मला? लगेच,’ तो हसला. ‘सॅलरी स्लिप आहे ना. दहा लाखांपर्यंत बसेल.’

‘दहा लाखांत घर कुठं आहे?’

‘ते आमच्या फॉर्ममध्ये विचारत नाहीत काकू.’

काकूंनी त्याच्यापुढे दोन पोळ्या आणि मटकीची उसळ ठेवली. तो उभ्यानंच जेवला, हात धुतले आणि खिशात हात घालून जरा चाचरत म्हणाला, ‘पैसे घ्या काकू. आणि एक पावती मिळेल का? कंपनी जेवणाचे देते, पण प्रूफ लागतं.’

बावीस वर्षांत काकूंनी पावती दिलेली नव्हती. कुणी मागितलीच नव्हती. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं सावकाश लिहिलं. दोन पोळ्या, २० रुपये. एक उसळ, ४० रुपये. एकूण ६० रुपये. खाली पूर्ण नाव घालून सही केली.

पीडीनं ते पान नीट घडी घालून काकूंच्याच फाइलीत तात्पुरतं ठेवलं, चुरगळू नये म्हणून. त्या जाडजूड फाइलीत पूर्ण खरा आकडा असलेला तेवढा एकच कागद होता. संध्याकाळी ऑफिसात गेल्यावर त्यानं तो आठवणीनं काढून घेतला असेल.